अचेतनाची शुश्रूषा

मस्तकावर दिसणारा केस जिवंत नसतो. त्वचेच्या आत, केस ज्या सूक्ष्म खळगीतून उगवतो त्या पुटकात, पेशींचे विभाजन अखंड चालू असते; पण तेथून वर सरकताना त्या पेशी केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरत जातात, त्यांची केंद्रके नाहीशी होतात, आणि त्वचेबाहेर येतो तो रक्त नसलेला, संवेदना नसलेला एक तंतू. कातडीवरची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, परंतु दुभंगलेले केसाचे टोक स्वतःहून कधीही सांधत नाही. तरीही घराघरांत रात्री मेथी भिजत घातली जाते, सकाळी तेल कोमट केले जाते, आणि रंगाने, उष्णतेने किंवा जड पाण्याने राठ झालेल्या केसांना पुन्हा बळ यावे म्हणून तास-दोन तास निष्ठेने वेचले जातात. जे बरे होऊच शकत नाही त्याची शुश्रूषा करणे कोणत्या अर्थाने योग्य ठरते, आणि ती देहासक्ती आहे की देहाविषयीचे कर्तव्य, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी भारतीय दर्शनांनी तो किरकोळ मानलेला नाही.

इंदूर शहरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी नांदताना दिसतात. होळकरांच्या राजवटीबरोबर माळव्यात आलेल्या आणि १८१८ मध्ये इंदूर राजधानी झाल्यावर येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान, म्हणजे सूर्योदयापूर्वी सर्वांगाला तेल-उटणे लावून केलेली दिवाळीची पहिली अंघोळ, आजही निष्ठेने जपली आहे. त्याच शहरात, सर हुकुमचंद यांनी बांधवलेल्या काच मंदिराच्या परिसरात आणि अन्यत्र, मोठा जैन समाज राहतो, आणि त्याच्या दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच, म्हणजे डोक्याचे व दाढीचे केस स्वतःच्या हाताने उपटून काढणे, हे एक अनिवार्य व्रत आहे. एका घरी केसांना तेल पाजले जाते, आणि दुसऱ्या परंपरेत दोन ते चार महिन्यांच्या अंतराने तेच केस मुठीने उपटले जातात. या दोन आचारांतील एक खरा आणि दुसरा खोटा असे मानण्यापूर्वी केसाविषयी शास्त्रांचे मूळ म्हणणे काय आहे, ते पाहिले पाहिजे.

आयुर्वेदाने केसाचे अचेतनत्व फार स्पष्टपणे ओळखले होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात सुखदुःखाच्या संवेदनेचे अधिष्ठान म्हणून मन आणि इंद्रिययुक्त देह यांचा निर्देश आहे; मात्र त्यातून केस, अंगावरची लव, नखांची टोके आणि शरीरातील मल वगळलेले आहेत. अन्नाचे रूपांतर होत होत शरीराचे सात धातू घडतात आणि प्रत्येक धातू घडताना काही अवशेष उरतो, या आयुर्वेदीय विचारानुसार केस हा अस्थिधातूचा अवशेष, म्हणजे त्या अर्थाने मल मानलेला आहे. पण त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, दिनचर्येचे विवेचन करणाऱ्या पाचव्या अध्यायात, मस्तकाला नित्य तेल लावणाऱ्याचे केस दृढमूल राहतात आणि अकाली पिकत वा गळत नाहीत, असे सांगून तैलाभ्यंगाची शिफारस केलेली आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा आणि त्यातही मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे म्हटले. ज्याला अवशेष म्हटले त्याचीच निगा राखायला सांगण्यात या ग्रंथकारांना विसंगती वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या प्रश्नाची सर्वांत खोल चर्चा मात्र वैद्यकात नव्हे, तर वेदान्तात झालेली आहे. मुंडकोपनिषदाच्या पहिल्या खंडात अक्षर ब्रह्मापासून विश्व कसे उत्पन्न होते हे सांगताना कोळी आपले जाळे विणतो, पृथ्वीतून वनस्पती उगवतात, आणि जिवंत माणसाच्या देहातून केस व लोम निघतात, असे तीन दृष्टान्त दिलेले आहेत. ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील सहाव्या सूत्राच्या निमित्ताने, शंकराचार्य पुन्हा या केसाकडे वळतात. तेथे पूर्वपक्ष असा आहे की ब्रह्म चेतन आणि जग अचेतन, तेव्हा कारण व कार्य यांचे स्वरूप इतके भिन्न असताना ब्रह्मापासून जग झाले हे संभवत नाही. आचार्यांचे उत्तर असे की चेतन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुषापासून अचेतन केस आणि नखे उत्पन्न होताना सर्वजण पाहतात. प्रतिपक्षी त्यावर आक्षेप घेतो की केस चेतन आत्म्यापासून नव्हे, तर अचेतन शरीरापासूनच निघतात, म्हणून दृष्टान्त लागू पडत नाही. आचार्य हा आक्षेप टाळत नाहीत. तसे मानले तरी शरीर हे चेतनाचे आश्रयस्थान आहे आणि केस तसा नाही, एवढा भेद कारण आणि कार्य यांत उरतोच, असे ते दाखवून देतात.

या वादातील सूक्ष्म मुद्दा केसांच्या निगेला थेट लागू होतो. देह आणि केस दोन्ही अचेतन असले तरी देहात राहून कोणी सुखदुःख भोगतो, केसात राहून कोणी भोगत नाही; म्हणजे केस हा देहाच्या सीमेवरचा पदार्थ आहे, अंगाला चिकटलेला पण अनुभवाच्या बाहेर पडलेला. आणि तरीही माणूस त्याच्यासाठी रडतो. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी अध्यासाचे, म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसरीवर लादण्याच्या भ्रमाचे, विवेचन करताना शंकराचार्यांनी देहाचे जाडेपण, कृशपण, गोरेपण माणूस स्वतःचे मानतो, अशी उदाहरणे दिली आहेत. फणीत अडकलेला गुंतवळ पाहून एखाद्या तरुणीला आपलेच मोल कमी झाल्यासारखे वाटते, तेव्हा घडते ते नेमके हेच. जेथे वेदनेचा मागमूस नाही अशा तंतूचे तुटणे तिच्या ठायी दुःख बनून उतरते. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात आणि त्यांची जागा नवे घेतात, ही माहिती तिला दिलासा देते. परंतु अध्यास माहितीने पूर्णपणे फिटत नाही, आणि त्या दुःखाला क्षुल्लक म्हणून हिणवणे हे तर अज्ञानात निर्दयतेची भर घालणे होय.

केसाची हानी म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, हे समजून घेतले तर शुश्रूषेची मर्यादा आणि तिचा अर्थ दोन्ही उलगडतात. केसाचा बाहेरचा थर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेल्या पारदर्शक पापुद्र्यांचा असतो, त्यांची मोकळी टोके केसाच्या टोकाकडे वळलेली असतात, आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचे एक अतिसूक्ष्म आवरण असते. आत केराटिनचा गाभा असतो, आणि त्यातील प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी परस्परांशी जखडलेल्या असल्यामुळेच केसाला ताकद येते. ब्लीच आणि कायमस्वरूपी रंग हे बंध तोडतात व स्निग्ध आवरण काढून टाकतात; केस सरळ करण्याचे तापलेले यंत्र ओल्या केसावर फिरवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन गाभ्यात पोकळ्या पडतात; साबणाचा क्षारधर्म खवले उचकटतो. पाण्याचाही यात वाटा आहे. सुमारे ७० किलोमीटरवरील जलूद येथून विंध्याचा चढ चढवून आणलेले नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूरला मिळू लागले. तरी अनेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते, आणि मधल्या काळात गरज भागवते ते बोरिंगचे पाणी. माळव्याच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून उपसलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बहुधा जास्त असतात, साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो केसांवर बसला की ते निस्तेज व राठ लागतात. डोके धुण्यासाठी नर्मदेच्या पाण्याची बादली वेगळी भरून ठेवणे, किंवा शेवटी पाण्यात थोडे लिंबू पिळून त्याने केस निथळवणे, हे दोन्ही उपाय या दृष्टीने समंजस आहेत. आम्लाने क्षार सुटतात आणि उचकटलेले खवले पुन्हा दबून बसतात.

घरगुती उपचारांपैकी तेलाविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली असता, धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची झीज लक्षणीय रीतीने कमी होते, आणि इतर दोन तेलांनी ती कमी होत नाही, असे आढळले. खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीचा हा अभ्यास आहे हे विसरून चालणार नाही; पण त्यामागचे कारण रसायनशास्त्राला पटणारे आहे. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो गाभ्यात शिरू शकतो. पाण्यात भिजलेला केस सुमारे १५ टक्क्यांपर्यंत फुगतो, वाळताना आकसतो, आणि या वारंवार फुगण्या-आकसण्यानेच दुर्बळ झालेला केस अधिक थकतो. आधी मुरलेले तेल हे फुगणे आवरते. अभ्यंगस्नानात तेल आधी आणि पाणी मागून, हा क्रम या कारणासाठीच घातला गेला असे म्हणण्यास आधार नाही, आणि विधीला प्रयोगशाळेच्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही. परंतु विधी पाळणाऱ्या घरात हा योग्य क्रम पिढ्यान्‌पिढ्या टिकला, हे खरे. माळव्याच्या थंडीत खोबरेल तेल बाटलीतच थिजते, म्हणून सकाळी ती उन्हात ठेवतात किंवा गरम पाण्याच्या भांड्यात उभी करतात. मग बोटांच्या अग्रांनी तेल प्रथम टाळूला आणि नंतर, जे पुष्कळदा राहून जाते, केसांच्या टोकांपर्यंत उतरवतात.

मेथी, दही, अंडे यांच्याविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे. भिजवून वाटलेल्या मेथीतील बुळबुळीत द्रव्य आणि कोरफडीचा गर केसाभोवती पातळ लेप धरतात, त्यामुळे केस एकमेकांवर घासत नाहीत, विंचरताना कमी तुटतात, आणि दह्यातील सौम्य आम्ल खवले दाबून बसवते. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मात्र केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात; ती वरून चिकटतात आणि पुढच्या धुण्यात निघून जातात, शिवाय कढत पाणी ओतले तर डोक्यातच शिजून बसतात. बाजारातील प्रथिनयुक्त लेपांत ही प्रथिने मुद्दाम तोडून लहान केलेली असतात, म्हणून त्यांचा काही अंश आत पोहोचतो, आणि गंधकाचे तुटलेले बंध काही प्रमाणात जोडणारी रसायने गेल्या दशकात उपलब्ध झाली आहेत; तरी कोणताही लेप केसाला जन्मावेळच्या स्थितीत परत नेत नाही. उलट, ज्यांचे फळ लेपाइतके चमकदार दिसत नाही अशा साध्या सवयीच केसाला अधिक राखतात. ओला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून पंच्याने फटकारून केस वाळवण्याची जुनी रीत सोडावी, पंचा नुसता दाबून पाणी टिपावे, आणि गुंता मुळापासून ओढत न आणता टोकापासून वर, रुंद दातांच्या कंगव्याने थोडा थोडा सोडवावा.

या सर्व उपचारांचे स्वरूप अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने नावारूपाला आलेल्या महेश्वरी लुगड्याच्या निगेसारखे आहे. विरलेले लुगडे पुन्हा मागावर चढत नाही, पण ते कसे धुतले, कसे पिळले आणि कोठे वाळत घातले यावर ते आणखी दहा दिवाळ्या नेसता येईल की पहिल्याच ओढीत फाटेल, हे ठरते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन देतात. तेथील भाष्यात शंकराचार्यांनी न मिळालेले मिळणे आणि मिळालेले राखणे असे त्याचे दोन भाग केले आहेत. केसांच्या शुश्रूषेत पहिला भाग माणसाच्या हाती जवळजवळ नाही, दुसरा मात्र पूर्णपणे आहे. जी निगा ही मर्यादा ओळखून केली जाते ती आसक्ती नव्हे, कारण तिने वस्तूचे खरे रूप मान्य केलेले असते. आणि जी निगा सात दिवसांत गेलेले परत आणण्याच्या आशेवर उभी असते, ती तेलाची असो की महागड्या सलूनमधील उपचाराची, तिच्या मुळाशी अध्यासच असतो. एकच तेल, एकच हात, पण पहिल्या निगेत चित्त स्वस्थ असते आणि दुसरीत ते रोज आरशापुढे खचते.

हा निकष मान्य केला तर केशलोच आणि अभ्यंग यांतील विरोध बराचसा मावळतो. मुनी केस उपटतो तो केसाचा द्वेष म्हणून नव्हे. वस्तरा-कात्रीचे परावलंबन नको, केसांत जीव होऊन त्यांची हिंसा नको, आणि देहाविषयीचे ममत्व किती उरले आहे याची परीक्षा व्हावी, हे त्यामागचे हेतू आहेत. बौद्ध परंपरेतही प्रव्रज्येच्या वेळी मुंडन होत असताना नवदीक्षिताला ध्यानासाठी देहाचे जे पाच घटक सांगतात त्यांत पहिला केस आहे. संन्यासी आणि गृहस्थ दोघेही केस अचेतन आहे हेच जाणतात. एक त्या जाणिवेने त्याला सोडतो, दुसरा त्याच जाणिवेने त्याला सांभाळतो. गीतेच्या सतराव्या अध्यायाने देहाला निरर्थक पीडा देणाऱ्या तपाला आसुरी ठरवले, आणि वारकरी संतांनी तर परमार्थासाठी मुंडनही आवश्यक मानले नाही आणि जटाही; तुकोबांच्या गाथेत जटाधारी दांभिकांवर वारंवार कोरडे ओढलेले आहेत.

विरोध उरतो तो दुसऱ्या ठिकाणी, आणि तो गंभीर आहे. संन्याशाचे मुंडन त्याने स्वतः स्वीकारलेले असते. विधवेचे केशवपन तिच्यावर लादलेले होते. महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पती निवर्तल्यावर स्त्रीचे मस्तक भादरण्याची जी रूढी होती, तिने वैराग्याचे बाह्य चिन्ह घेऊन त्यातील प्राण, म्हणजे स्वेच्छा, काढून टाकला. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार देणारा संप केला, तेव्हा धर्माचा खरा विचार शास्त्री-पंडितांनी नव्हे, तर वस्तरा हाती धरणाऱ्यांनी केला, असे म्हणणे भाग आहे. याचे उलटे टोक म्हणजे जट. केस दीर्घकाळ विंचरले नाहीत, नीट धुतले नाहीत, की उचकटलेले खवले एकमेकांत अडकून त्यांचा न सुटणारा गोळा होतो. देवीचा संचार म्हणून त्याला हात लावायला मनाई केली जाते, आणि ती स्त्री मानेवर ते ओझे, डोक्यात खाज आणि मनात भय घेऊन वर्षानुवर्षे जगते. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांना समजावून, त्यांची संमती मिळवून जट कापून देतात. येथे संमतीची वाट पाहण्यात जो वेळ जातो तोच त्या कार्याचा धार्मिक गाभा आहे, कारण देवीच्या नावाने लादलेले ओझे तितक्याच बळजोरीने उतरवले तर त्या स्त्रीचे डोके हलके होईल, पण तिच्या देहावरचा अधिकार मात्र पुन्हा दुसऱ्याच्याच हाती राहील.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत आलेल्या केसाचे टोक पाच-सहा वर्षांपूर्वी मुळातून निघालेले असते आणि या काळातील प्रत्येक धुणे, प्रत्येक उन्हाळा त्याने सोसलेला असतो. त्या टोकासाठी लेप आहे आणि शेवटी कात्री आहे. पण पुढील पाच वर्षांचा केस आज ज्या पुटकात घडतो आहे तेथपर्यंत तेल नव्हे, रक्त पोहोचते. म्हणून अचानक वाढलेल्या केसगळतीत पहिली शंका लोहाच्या कमतरतेची, थायरॉइडच्या विकाराची किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या तापाची घ्यावी, आणि तेलाची बाटली बदलण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दिवाळीच्या पहाटे घरातील सर्वांच्या डोक्याला तेल लावणारी आणि दुपारी सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री बहुधा याच ५७ टक्क्यांत असते, आणि तिच्या केसांची शुश्रूषा तिच्या ताटातील पालेभाजी, डाळ आणि तिच्या जेवणाची वेळ यांपासून सुरू होते.